घशातील कफ आणि चांद्याची हवा

कायोत्सर्गापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या अन्नत्थ सूत्रात ज्या शारीरिक क्रियांना सूट दिलेली आहे, त्यांत श्वास, शिंक आणि जांभई यांच्या बरोबरीने खोकल्याचाही उल्लेख आहे. देह स्थिर ठेवण्याचा संकल्प केला तरी खोकला अडवता येत नाही, हे सूत्रकारांनी जाणले होते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस वा वरोरा येथे हिवाळ्यातील एखाद्या संध्याकाळी प्रतिक्रमणास बसले असता या सवलतीचे मोल चटकन ध्यानी येते. एका कोपऱ्यात कोणी हलकेच खाकरतो, दुसऱ्या कोपऱ्यातून त्यास साथ मिळते आणि शेवटपर्यंत हा क्रम चालू राहतो. बाहेर पडताना कोणी आस्थेने विचारले, "काकाजी, घसा अजून मोकळा झाला नाही का?" तर उत्तर ठरलेले असते, "अहो, चांद्याची हवाच अशी. दोन वर्षे झाली, असेच चालले आहे."

या उत्तरात बरेच सत्य आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. हवेला दोष दिला की पुढचा शोध थांबतो. घसा मात्र खाकरतच राहतो.

उदाहरणादाखल तीन गृहस्थ डोळ्यांपुढे आणावेत. पहिल्यांचे कोळशाच्या डेपोजवळ दुकान आहे. दुसरे शहरात कापडाचा व्यापार करतात, रात्री उशिरा घरी येऊन जेवतात आणि रक्तदाबाची गोळी घेतात. तिसऱ्यांची देसाईगंजला भातगिरणी आहे आणि अलीकडे त्यांचे कपडे अंगावर सैल होऊ लागले आहेत. तिघेही खाकरतात, तिघेही हवेला बोल लावतात. परंतु तिघांच्या घशातील कफाचे मूळ तीन निराळ्या ठिकाणी असू शकते, आणि तिसऱ्यांच्या बाबतीत उशीर जिवावर बेतू शकतो.

कफाचे काम

कफ हा शब्द उच्चारताच रोगाची आठवण होते, पण तो मुळात शरीराचा रखवालदार आहे. नाक, सायनस, घसा आणि श्वासनलिका यांचे आतील अस्तर निरोगी माणसातही दिवसाकाठी सुमारे एक लिटर पातळ श्लेष्म तयार करते. त्यात बहुतांश पाणीच असते. थोडे क्षार, चिकटपणा देणारी प्रथिने आणि जंतूंशी झुंजणारी द्रव्ये एवढाच काय तो उरलेला भाग. धूळ, धूर, परागकण आणि जंतू या चिकट थरात अडकतात. थराखाली असलेले केसांहून कितीतरी सूक्ष्म असे तंतू अखंड लाटेसारखे हलत राहतात आणि हा थर घशाकडे सरकवतात. नाकातील श्लेष्म मागून खाली येतो, छातीतील खालून वर येतो, दोहोंची गाठ घशात पडते आणि आपण नकळत तो गिळून टाकतो. जठरातील आम्ल पुढचे काम करते.

म्हणजे घशात कफ येणे हे नित्याचेच आहे. तो जाणवू लागतो तो तीन कारणांनी. एक तर त्याचे प्रमाण वाढते, किंवा तो दाट होऊन नीट सरकत नाही, किंवा घशाचे अस्तर इतके हुळहुळे झालेले असते की नेहमीचा कफही तेथे अडकल्यासारखा वाटतो. हा तिसरा प्रकार पुष्कळदा लक्षात येत नाही. खाकरून काहीच पडत नाही, तरी घशात काहीतरी आहे असे सतत वाटते. अशा वेळी कफ काढण्याची औषधे कितीही घेतली तरी गुण येत नाही, कारण काढण्याजोगा कफ तेथे नसतोच.

हवेचा वाटा

आता हवेचे पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचे सर्वंकष मूल्यमापन केले, तेव्हा चंद्रपूरचा निर्देशांक ८३.८८ आला आणि अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या पाठोपाठ चंद्रपूरचे नाव चौथे लागले. २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र, सभोवतालच्या कोळसा खाणी, राजुरा-कोरपना पट्ट्यातील सिमेंटचे कारखाने, ताडपत्री नीट न बांधता धावणारे कोळशाचे ट्रक आणि घरोघरी पेटणाऱ्या दगडी कोळशाच्या शेगड्या, या सर्वांची भर या हवेत पडते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे धूर व राख खालीच साचून राहते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी खाकरण्याचे प्रमाण वाढते, त्याचे हे एक कारण.

गडचिरोलीकडे वळले की चित्र बदलते. जिल्ह्याचा बहुतांश भाग अरण्याने व्यापलेला आणि कारखाने मोजके. तरीही घसा तेथेही सुटत नाही, कारण तेथील धूर घरात आणि शिवारात आहे. चुलीतील लाकडाचा धूर हा त्यातील सर्वांत मोठा. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचला, पण जंगलात लाकूड फुकट मिळत असता चूल पूर्णपणे विझत नाही. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि तो वणवा अनेकदा आवाक्याबाहेर जातो. धानाची मळणी सुरू झाली की तणसाची धूळ उडते. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, देसाईगंज येथील भातगिरण्यांत कोंड्याचे कण दिवसभर हवेत तरंगतात. समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ या गिरण्यांवर आणि धान्याच्या गोदामांवर चालतो, म्हणून ही धूळ त्यांच्या विशेष ओळखीची.

उन्हाळ्याचा प्रश्न आणखी निराळा. पारा ४५ अंशांच्या वर गेला की खिडकीत कूलर लागतो. मागील वर्षीच्या जुन्याच ताट्या तशाच वापरल्या तर त्यांतील बुरशीचे कण थंड वाऱ्याबरोबर थेट नाकात जातात. ज्यांचा घसा फक्त एप्रिल ते जून या काळात भरून येतो, त्यांनी हवेवर ठपका ठेवण्यापूर्वी कूलरच्या ताट्या बदलून आणि टाकी घासून पाहावी.

हवा हेच कारण आहे की नाही, हे ताडून पाहण्याची एक सोपी रीत आहे. पालिताणा वा शिखरजीच्या यात्रेस, किंवा मुलीच्या सासरी, पंधरा दिवस मुक्काम झाला तेव्हा घसा मोकळा झाला होता का, हे आठवावे. मोकळा झाला असेल आणि घरी परतताच पुन्हा भरला असेल, तर घर, दुकान वा गावाची हवा संशयित ठरते. तेथेही खाकरणे तसेच चालू राहिले असेल, तर मूळ बहुधा शरीरात आहे. यात्रेत आहार आणि झोप यांतही बदल होतो, त्यामुळे ही परीक्षा निर्णायक नव्हे. पण विचारास दिशा देण्यास ती पुरेशी आहे.

हवेपासून बचाव करण्याचे मार्ग मर्यादित असले तरी निरुपयोगी नाहीत. धुके आणि धूर एकवटलेल्या पहाटे फिरण्याऐवजी ऊन वर आल्यावर फिरावे. घरातील केर कोरड्या झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये, तिच्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. देवघर लहान व बंदिस्त असेल तर अगरबत्ती आणि धुपाचा वापर आवरता घ्यावा. मुखवस्त्रिका जीवदयेसाठी आहे, सूक्ष्म धूळ अडवणे हे तिचे काम नव्हे. गिरणीत वा कोळशाच्या डेपोत काम करणाऱ्यांनी तेथे चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मास्कच वापरावा.

नाक, जठर, औषध आणि खर्रा

हवेखालोखाल घशातील कफाचे नेहमीचे मूळ म्हणजे नाक. ॲलर्जी वा सायनसच्या सुजेमुळे नाकातील स्राव वाढून मागच्या बाजूने घशात ओघळतो. सकाळी शिंकांची माळ, नाक व डोळे खाजणे, आडवे होताच घशात काही उतरल्यासारखे वाटणे, ही त्याची खूण. यावर कान-नाक-घसातज्ज्ञ नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा देतात. स्टेरॉइड शब्दाने अनेक जण दचकतात, पण या फवाऱ्यातील मात्रा अल्प असते आणि तिचे काम मुख्यतः नाकापुरतेच असते. मात्र पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो सोडून देणे ही नेहमीची चूक. याउलट नाक क्षणात मोकळे करणारे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरले तर नाक त्यांच्या आहारी जाते आणि त्यांच्याविना उघडेनासे होते.

दुसरे मूळ जठर. जठरातील आम्ल व पाचक रस अन्ननलिकेतून वर घशापर्यंत येतात आणि तेथील नाजूक अस्तर पोळते. यात छातीत जळजळ होईलच असे नाही, म्हणून रोग्यास पोटावर संशय येत नाही. सकाळी आवाज बसलेला असणे, जेवणानंतर खाकरणे वाढणे, घशात गोळा अडकल्यासारखे वाटणे, या खुणा आढळल्यास जठराचा विचार करावा. यावरील पहिला उपाय डॉक्टर सांगतात तो असा की रात्रीचे जेवण आणि निजणे यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबास हे नव्याने सांगावे लागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवून दहा वाजता निजणाऱ्याचे जठर तोवर बरेच रिकामे झालेले असते. पण हाच नियम दुकानाच्या व्यापात वा लग्नसराईत सुटतो आणि रात्री अकराला तळलेले खाऊन लगेच अंथरूण गाठले जाते. आपल्या तीन गृहस्थांतील दुसऱ्यांचे दुखणे बहुधा येथेच असावे.

त्यांच्या घरी आणखी एक गोष्ट घडत असण्याचा संभव आहे. घसा भरला म्हणून निजण्यापूर्वी प्रेमाने हळदीचे दूध दिले जाते. ज्याचा कफ जठरातून उद्भवलेला आहे, त्याने पेलाभर दूध पिऊन लगेच आडवे होणे म्हणजे दुखण्यास रोज खतपाणी घालणे होय. हळद वाईट नाही आणि दूधही नाही, त्यांची वेळ चुकते. पलंगाचे उशाकडील पाय विटा ठेवून १५ ते २० सेंटिमीटर उंच करणे हा बिनखर्चाचा उपाय अशा व्यक्तीस अधिक गुण देतो. नुसत्या उशा वाढवून मान वाकते, पण पोट तसेच राहते.

दुसऱ्या गृहस्थांच्या रक्तदाबाच्या गोळीकडेही पाहावयास हवे. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातील गोळ्यांनी काही रुग्णांना घशात खवखव आणि कोरडी ढास लागते. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, क्वचित महिन्यांनीही, ती लागू शकते, त्यामुळे दोहोंचा संबंध ध्यानात येत नाही. गोळी स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांना सांगितल्यास ते दुसऱ्या गटातील गोळी देऊ शकतात.

चौथे मूळ या दोन जिल्ह्यांच्या परिचयाचे आहे आणि त्याविषयी घरात बोलण्याचा संकोच असतो. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून तयार होणारा खर्रा येथील प्रत्येक चौकात मिळतो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. गडचिरोलीत २०१६ पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध मुक्तिपथ हे अभियान चालले, ते या व्यसनाची पकड ओळखूनच. खर्ऱ्याने तोंड व घशाचे अस्तर सतत चिरडले जाते, लाळ आणि कफ वाढतो, पुढे तोंड उघडणे कमी कमी होत जाते आणि अखेर कर्करोगाची शक्यता दारी येते. समाजातील तरुण यापासून दूर आहेत असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. खर्रा खाणाऱ्याच्या घशातील कफ हवेच्या खात्यावर मांडणे म्हणजे स्वतःच्या वहीत खोटी नोंद करणे होय.

खाकरण्याची सवय

मूळ कोणतेही असो, एक गोष्ट त्यावर तेल ओतते. ती म्हणजे खाकरणे. खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोराने आपटतात, त्यांस सूज येते, सुजेमुळे तेथे काही अडकल्याचा भास होतो आणि मनुष्य पुन्हा खाकरतो. मूळ कारण दूर झाल्यावरही हे चक्र महिनोन्‌महिने चालू राहू शकते. ते तोडण्यासाठी खाकरण्याची ऊर्मी आली की पाण्याचा एक घोट घ्यावा. पाणी घ्यावयाचे नसेल तेव्हा हनुवटी किंचित खाली आणून लाळ गिळावी, किंवा ओठ मिटून हलका गुंजारव करावा. ४८ मिनिटांची सामायिक ही या अभ्यासास उत्तम वेळ आहे. त्या अवधीत किती वेळा ऊर्मी आली आणि किती वेळा ती खाकरल्याविना विरली, एवढे पाहत गेल्यास काही दिवसांत फरक जाणवू लागतो. खरा कफ छातीतून वर आला तर मात्र तो खोकून काढावा, दाबू नये.

घरातील उपाय, घराच्या मर्यादेत

उकळलेले पाणी हे जैन घराचे जुने धन आहे आणि या दुखण्यात ते दोन प्रकारे उपयोगी पडते. दिवसभर कोमट पाणी घोट घोट घेतल्याने कफ पातळ राहतो. चौविहार पाळणाऱ्यांस रात्री सुमारे तेरा तास पाणी मिळत नाही, म्हणून पहाटेचा कफ दाट असतो. त्यांनी दिवसाउजेडीच पाण्याचे प्रमाण पुरते राखावे. आजारपणात डॉक्टरांनी रात्री पाणी घेण्यास सांगितले असेल तर गुरुमहाराजांना विचारून तिविहाराचे पच्चक्खाण घेता येते.

दुसरा उपयोग नाक धुण्यासाठी. उकळून कोमट केलेल्या पाव लिटर पाण्यात अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवून त्याने जलनेती केल्यास नाकातील दाट स्राव व धूळ निघून जाते. भातगिरणीतून किंवा कोळशाच्या रस्त्यावरून घरी आल्यावर हा उपाय विशेष सुखावह वाटतो. येथे उकळणे ही केवळ परंपरा राहत नाही. न उकळलेल्या पाण्यातील एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून प्राण घेऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडल्यास वाचणे अवघड. म्हणून नळाचे वा विहिरीचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. नेतीचे भांडेही प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे.

घशाच्या पुस्तकी उपायांत मध आणि आल्याचा रस पहिल्या ओळीत असतात. ही दोन्ही जैन स्वयंपाकघरास वर्ज्य, म्हणून काही घरांत घरगुती उपायच सोडून दिले जातात. तसे करण्याचे कारण नाही. सुंठ-गुळाची लहान गोळी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, लवंग तोंडात धरणे, यांनी घशास तितकाच आराम पडतो. अडुळसा या भागात सहज मिळतो. आधुनिक वैद्यकातील ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध अडुळशातील द्रव्यावरूनच घडवले गेले. ज्येष्ठमधाची काडी चघळल्याने घसा ओला राहतो, पण तिने रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाने ती रोजची करू नये.

दुधाने कफ वाढतो, ही समजूत सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात दुधाने कफाची निर्मिती वाढल्याचे आढळत नाही. दूध लाळेत मिसळून घशावर काही काळ दाट थर जाणवतो, इतकेच. चैत्रातील आयंबिल ओळीच्या नऊ दिवसांत ज्यांचा घसा हलका होतो, त्यांनी श्रेय एकट्या दुधाच्या त्यागास देऊ नये. तळलेले, तुपकट आणि अवेळी खाणे त्या दिवसांत थांबलेले असते, आणि जठराला त्याचाच अधिक लाभ होतो. ओळी संपताच पारण्याला जड पदार्थांची रेलचेल झाली, तर नऊ दिवसांची कमाई एका बैठकीत जाते.

लहान मुलांच्या बाबतीत

बालकाच्या घशातील घरघर ऐकून घरात औषधाच्या बाटल्या उघडल्या जातात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने बालकांचे प्राण गेले. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः देण्याजोगी नाहीत.

बालकाच्या बाबतीत कफाच्या आवाजापेक्षा श्वासांची संख्या महत्त्वाची असते, आणि हा धडा गडचिरोलीनेच जगापुढे ठेवला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने येथील गावांत आरोग्यदूतांना आणि सुईणींना बालकाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर औषध देण्यास शिकवले. बालमृत्यू त्यामुळे घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जे काम गावातील सुईण शिकू शकली, ते कोणत्याही घरातील आई वा आजी शिकू शकते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोट व छातीची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असतील, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती उपाय बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

दोन आठवड्यांची मर्यादा

आता तिसऱ्या गृहस्थांकडे वळू. भातगिरणीची धूळ खरी आहे, परंतु धुळीने कपडे सैल होत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, घटणारे वजन किंवा कफात रक्त, यांपैकी काहीही असल्यास क्षयरोगाची तपासणी झालीच पाहिजे. क्षय फक्त गरिबांना होतो, ही समजूत अनेक सुस्थित घरांना महागात पडली आहे. घरात उपवर मुलगी आहे, लोक काय म्हणतील, या विचाराने खोकला लपवला जातो आणि त्याच घरातील नातवंडे तोच श्वास घेत राहतात. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या काही प्रतिजैविकांनी लक्षणे थोडे दिवस दबतात आणि निदान आणखी लांबते.

तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य आहेत. नमुना देताना तोंडातील लाळ देऊन उपयोग नाही. सकाळी चूळ भरून, मोकळ्या हवेत दीर्घ श्वास घेऊन, छातीतून खोकून आलेला कफ द्यावा. आपण खाणीत, सिमेंट कारखान्यात वा गिरणीत किती वर्षे काम केले, हेही डॉक्टरांना सांगावे, कारण दगडाच्या बारीक धुळीने बाधलेल्या फुफ्फुसांत क्षयाची शक्यता अधिक असते. क्षयाचे नेहमीचे उपचार सहा महिने चालतात आणि औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाच्या खात्यात आहारासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

क्षयाखेरीजही काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळताना अडथळा, मानेत गाठ, एकाच कानात सतत दुखणे, तोंडात न भरणारी जखम वा पांढरा-लाल चट्टा, यांपैकी काहीही आढळल्यास कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. तेथे दुर्बिणीने घसा पाहण्यास काही मिनिटेच लागतात. बहुतेकांच्या बाबतीत भिण्यासारखे काही निघत नाही. ज्यांच्या बाबतीत निघते, त्यांचे पुढचे आयुष्य त्या काही मिनिटांवर अवलंबून असते.

साधूंच्या पाच समितींतील शेवटची पारिष्ठापनिका समिती. शरीरातून बाहेर टाकावयाच्या वस्तूंचा विसर्ग निर्जीव जागी, कोणास पीडा होणार नाही अशा रीतीने करावा, असे ती सांगते. त्या वस्तूंत 'खेल' म्हणजे कफ आणि 'सिंघाण' म्हणजे नाकातील मळ यांची स्पष्ट गणना आहे. रस्त्यावर थुंकणे तिला मान्य नाही, आणि क्षयाचा डॉक्टरही झाकणाच्या डब्यात थुंकावयास सांगतो तो याच काळजीने. कफ कोठे टाकावा याचा इतका बारीक विचार करणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाने तो कोठून येतो, याचाही तितकाच विचार करावयास हवा.

प्रतिक्रमणानंतर पुन्हा कोणी काकाजी म्हणाले, "चांद्याची हवाच अशी," तर पुढचा प्रश्न विचारावा, "किती दिवसांपासून?" उत्तर दोन आठवड्यांपलीकडचे आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जावे.